पुरवणी नोंद

प्रभाताई,

तुमच्या मुलीचा मिल्टनहून फोन आला तेव्हा मी एका घरासमोर गाडीत बसून नोंद लिहीत होते. भेट संपली की आधी नोंद पुरी करायची, मगच गाडी सुरू करायची, ही सवय तुम्हीच लावलेली. "ऑफिसात पोचेपर्यंत डोकं आपल्या पदरचं काहीतरी मिसळतं त्यात," असं तुम्ही म्हणायचात. तुमच्या मुलीनं सगळं इंग्रजीतच सांगितलं. आई शेजारच्या आजोबांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होती. मध्येच पायरीवर बसली, ती उठलीच नाही. मी नुसती "ओके, ओके" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर वहीकडे पाहिलं, तर शेवटचं वाक्य अर्धं राहिलं होतं. 'मूल खिडकीपाशी', एवढंच. ते मूल खिडकीपाशी काय करत होतं, ते मला काही केल्या आठवेना.

खरं सांगू? रडू नंतर आलं. आधी राग आला. सस्काटूनमध्ये तुमच्याबरोबरच्या पहिल्या हिवाळ्यात तुम्हीच मला बजावलं होतं, "फावडं भरून उचलायचं नाही, ढकलायचं. दर दहा मिनिटांनी आत येऊन चहा प्यायचा. बर्फासमोर मर्दुमकी दाखवायची नाही." आणि रिटायर होऊन मुलीकडे राहायला गेलात त्याला चार महिने झाले नाहीत तर स्वतः दुसऱ्याच्या दारातला बर्फ काढायला निघालात. कोणी सांगितलं होतं?

ऑफिसच्या पत्रकात तुमचा फोटो आणि खाली दहा ओळी आल्या आहेत. त्यात 'समर्पित' हा शब्द दोनदा आहे. तुम्ही असतात तर त्याभोवती लाल पेनानं गोल काढला असता. 'समर्पित म्हणजे नेमकं काय केलं तिनं? ते लिहा.' म्हणून मी विशेषणं बाजूला ठेवून लिहिते आहे. आणि दुसरंही एक कारण आहे. शिकत असताना मी तुमच्याबद्दल एका फॉर्मवर एक वाक्य लिहिलं होतं. ते खाली नवीन काही न जोडता तसंच राहिलं. तुम्ही असताना ते मी दुरुस्त करू शकले असते. केलं नाही.

आपली पहिली भेट आठवते? मी मेहकरची. आमच्या घरात कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. इथं आधी बालसंगोपनाचा दोन वर्षांचा कोर्स केला, मग मुलांच्या एका वसतिगृहात काम करता करता ही शिकाऊ जागा मिळाली. चार दिवस बालसंरक्षणाच्या ऑफिसात काम, पाचवा दिवस विद्यापीठात, आणि शेवटी हातात सोशल वर्कची पदवी. मला वाटलं, आपण जग जिंकलं. तुम्हाला माझ्या मार्गदर्शक म्हणून नेमलं होतं. पहिल्या दिवशी मी तुमच्या टेबलापाशी उभी राहून, "गुड मॉर्निंग मॅडम," म्हटलं. तुम्ही चष्म्यावरून पाहिलं आणि इंग्रजीत म्हणालात की इथं मॅडम कोणी नाही. पार्किंगमध्ये गाडीचं दार लागताक्षणी तुमचा सूर बदलला.

"मेहकर म्हणजे बुलडाणा जिल्हा ना? मग घाबरून काहून राहिली? मी महालातली. नागपूर. माझं नाव प्रभा. ताई म्हण हवं तर, पण मॅडम म्हणशील तर इथंच उतरवीन."

"हो मॅ... हो ताई."

"आता नियम ऐक. ऑफिसात इंग्रजी. गाडीत मराठी. आणि कोणाच्या दारात उभे असलो की गप्प. दार आपण वाजवलंय, तर आधी त्यांनी बोलायचं."

हे तीन नियम मी अजून पाळते. फक्त गाडीत आता मराठी बोलायला कोणी नाही.

तुमचा चौथा नियम मला समजायला वर्ष गेलं. फाइलमधलं काहीही खोडायचं नाही. चूक झाली, मत बदललं, नवीन काही कळलं, तर जुन्या नोंदीला हात न लावता खाली तारीख टाकून पुरवणी नोंद जोडायची. मला वाटायचं, हा सरकारी शिरस्ता आहे. तुम्ही एकदा रस्त्याकडेला गाडी थांबवून समजावलं होतं. या प्रांतात क्री आणि इतर मूळ रहिवाशांची मुलं पिढ्यान् पिढ्या घरांतून उचलून नेली गेली, आणि त्या प्रत्येक मुलामागे कोणीतरी नीटनेटक्या इंग्रजीत लिहिलेलं एखादं वाक्य होतं. 'घर अस्वच्छ.' 'आई उदासीन.' तुम्ही म्हणालात, "ते लिहिणारे राक्षस नव्हते गं. आपल्यासारखेच होते. डबा घेऊन ऑफिसात येणारे. एक दिवस ते मूल मोठं होतं, येतं आणि म्हणतं, माझी फाइल दाखवा. तेव्हा त्याच्या हातात जे पडेल, ते आज तू लिहिते आहेस. खोडलंस तर त्याला कळणार कसं की आपणही चुकलो होतो?"

मी मान डोलावली. परीक्षेला हे उत्तर लिहून चांगले मार्कही मिळवले. आणि मग तीच चूक केली.

त्या कुटुंबाबद्दल मी फार लिहिणार नाही. लहानसहान तपशील बदलून सांगते. पाच वर्षांची मुलगी काही महिने फोस्टर घरात, म्हणजे सरकारनं नेमलेल्या परक्या कुटुंबात, होती. तिची क्री आई आठवड्यातून एकदा आमच्या ऑफिसातल्या खोलीत तिला तासभर भेटायची. कोपऱ्यात वही घेऊन मी बसायची. ती माझी पहिली स्वतंत्र नोंद होती. विद्यापीठात त्याच महिन्यात आई-मुलाच्या नात्यावरचा पेपर चालू होता. जवळ घेणं, नजर देणं, स्पर्श, सगळ्याचे रकाने माझ्या डोक्यात ताजे होते. मी रकाने भरत बसले. तासाच्या शेवटी लिहिलं, 'आईने मुलीला एकदाही जवळ घेतले नाही. शारीरिक आपुलकी दिसून आली नाही.' इंग्रजीत ते वाक्य इतकं भारदस्त दिसत होतं की मी ते दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी आपण एका होम व्हिजिटला निघालो होतो. तुम्ही गाडी चालवत होतात.

"काल तासभर आई काय करत होती?" तुम्ही विचारलंत.

"काही विशेष नाही. बसली होती."

"तासभर नुसती बसली? हात कुठं होते तिचे?"

मला आठवावं लागलं. "संत्रं सोलत होती."

"एकच?"

"दोन. तीन असतील. फोडी काढून मुलीला देत होती."

"नुसत्या फोडी?"

मग मला ते चित्र दिसलं. ती प्रत्येक फोड हातात घेऊन तिच्यावरच्या पांढऱ्या शिरा नखानं एक एक काढत होती. फोड अगदी स्वच्छ झाली की मगच मुलीच्या तळहातावर ठेवत होती. मुलगी न बघता तोंडात टाकायची, कारण तिला ठाऊक होतं की शीर लागणार नाही.

हे मी सांगितल्यावर तुम्ही स्टिअरिंगवर हात आपटलात. "अगं, नागपूरच्या बाईला तू संत्र्याचं सांगून राहिली! आमच्याकडे जावयाला कोणी शिरा काढून देत नाही. तासभर ती बाई शिरा काढत होती आणि तू लिहिलंस आपुलकी दिसली नाही?"

"पण तिनं मिठी मारली नाही ना. तेही खरंच आहे."

"कोपऱ्यात वही घेऊन परकी पोट्टी बसली असताना? तू मारशील?"

मी खिडकीबाहेर पाहू लागले. मी हट्टाला पेटले होते, हे तुम्हाला दिसलं असणार. आणि मग तुम्ही विचारलंत, "तुझ्या आईनं तुला कधी पोटाशी धरलं होतं का गं? आठव. नाही ना? मग उघडायची का तुझी फाइल?"

तुम्ही हे हसत म्हणालात. मी हसले नाही.

तुम्हाला माहीत नव्हतं. माझी आई आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत मदतनीस. सकाळी घराघरांतून मुलं गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, भरवायची, पुसायची. रडणारं मूल तिच्या मांडीवर गेलं की गप्प व्हायचं. गावातल्या निम्म्या मुलांना तिनं कडेवर घेतलेलं मी पाहिलं आहे. मला घेतलेलं मला आठवत नाही. घरी ती आली की दमलेली असायची, समोर आजोबा बसलेले असायचे, आणि स्वतःच्या लेकराचं कौतुक मोठ्यांसमोर करायचं नसतं अशी आमच्याकडची रीत. लहानपणी मी एकदा अंगणवाडीच्या दाराशी उभी राहून मोठ्यानं खोटं रडले होते, ती मलाही मांडीवर घेते का बघायला. तिनं तिथूनच म्हटलं, "तू मोठी आहेस ना?" मी सात वर्षांची होते. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आणि तुम्ही चालत्या गाडीत, ताशी नव्वदच्या वेगात, नेमकं त्यावर बोट ठेवलंत.

संत्र्याची पुरवणी नोंद मी त्याच संध्याकाळी लिहिली. फोडी, शिरा, मुलीचा तळहात, सगळं. पुढच्या बैठकीत ती आईसमोर वाचली गेली. मुलगी शरद ऋतूत घरी गेली. ती माझ्या नोंदीमुळे नाही, तिच्या आईनं महिनोन् महिने स्वतः केलेल्या कष्टांमुळे गेली, हे तुम्हीच मला बजावलंत, कारण मी थोडी फुशारले होते. पण बैठकीनंतर जिन्यात ती आई क्षणभर थांबली आणि मला म्हणाली, "तुला ते दिसलं होतं तर." बस, इतकंच. त्या वाक्यात आभार होते की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही म्हणालात, दोन्ही असतील, आणि दोन्ही घेऊन जा.

त्या आईची नोंद मी दुरुस्त केली. मग सत्र संपलं आणि विद्यापीठाचा फॉर्म आला. मार्गदर्शकाबद्दल विद्यार्थ्याचं मत. मी सगळ्या रकान्यांत चांगलं लिहिलं. शेवटच्या चौकटीत लिहिलं, 'मार्गदर्शकांनी माझ्या आईबद्दल आणि बालपणाबद्दल अयोग्य वैयक्तिक प्रश्न विचारला. मला अपमानित वाटले.'

ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं मला टोचत राहिलं. खोटं असतं तर माफी मागून मोकळी झाले असते. माझं वाक्य त्या पहिल्या वाक्यासारखं होतं, खरं आणि अपुरं. त्यात तुम्ही मला पहिले विंटर टायर दुकानात उभं राहून निवडून दिले ते नव्हतं. माझ्या पीआरच्या, म्हणजे इथं कायम राहण्याच्या, कागदांवर तुम्ही रविवारभर माझ्याबरोबर बसलात ते नव्हतं. माझा पहिला रिपोर्ट तुम्ही सात वेळा परत केलात आणि आठव्यांदा त्यावर छोटासा सूर्य काढलात, तोही नव्हता. मी तुमच्या शिरा तेवढ्या लिहिल्या, ताई. फोडी लिहिल्या नाहीत.

तुम्ही त्या फॉर्मबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. पुढच्या वर्षी तुमच्याकडे नवीन विद्यार्थी आला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "गुडघे दुखून राहिले. एक वर्ष पोट्ट्यांना सुट्टी." मी ते खरं मानलं. मानायला सोपं होतं.

आणि मग दीक्षान्त समारंभ. आईचा व्हिसा नाकारला गेला होता. पालकांसाठीच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर तुम्ही आणि दुसरीवर तुमची पर्स. मी गाउन घालून रांगेत उभी. लांबून दिसत होतं की तुम्ही मेहकरला व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला आहे, आणि मागच्या बाईला वाकून "सॉरी, सॉरी" म्हणता आहात. माझं नाव पुकारलं तेव्हा सगळ्या सभागृहात तुमचाच आवाज, "वहिनी, बघा, बघा, ती डावीकडची!" आई जेवणं आटोपून शेजारच्या बायकांना गोळा करून बसली होती म्हणे. मी स्टेजवरून उतरून तुमच्यापर्यंत येईस्तोवर तुम्हा दोघींचं बोलणं चालूच होतं. मला पाहिल्यावर तुम्ही फोन माझ्या हातात दिलात. आई म्हणाली, "पदवी नीट ठेव, चुरगाळू नको." मी म्हटलं, "हो." आमच्या दोघींचं एवढंच.

त्यानंतर दर दुसऱ्या रविवारी तुम्ही मला जेवायला बोलवायला लागलात. गोळाभात, पुडाची वडी, वांग्याची भाजी. चिंचगुळाचं फोडणीचं वरण मोठ्या पातेल्यात. ओट्यावर झाकून ठेवलेली एक स्टीलची वाटी, साध्या वरणाची. "हे घे, तूच संपव. मला ॲसिडिटी, म्हणून काढलं होतं, पण आज नको वाटतं," असं म्हणत ती वाटी तुम्ही माझ्या ताटाशी सरकवायचात. मी खायची. जेवताना आपण भांडायचो. तुमचं म्हणणं, दुसऱ्याच्या घरात शिरायचं असेल तर आधी स्वतःच्या घराची फाइल वाचून ये. माझं म्हणणं, शिकणाऱ्याच्या घराचं दार त्यानं स्वतः उघडल्याशिवाय कोणी वाजवू नये. आपण दोघीही त्या गाडीचं नाव काढायचो नाही. पण दोघी त्याच गाडीत बसून भांडत होतो, हे मला आता दिसतं. भांडण कधी संपलं नाही. तुम्ही उठून ताटं घासायला लागायचात आणि म्हणायचात, "पुढचा मुद्दा पुढच्या रविवारी."

सस्काटूनला झालेल्या तुमच्या स्मरणसभेला मी लवकर गेले. कम्युनिटी हॉलमध्ये प्रत्येकानं घरून काही ना काही करून आणलं होतं. मी पुडाची वडी करून नेली. ती फुटली होती. तिथं तिशीतली एक बाई माझ्याशेजारी बसली. तिचं लहानपण फोस्टर घरांत गेलेलं. मोठी झाल्यावर तिनं स्वतःची फाइल मागवून वाचली होती. ती म्हणाली, "जाडजूड फाइल. पानोपानी माझ्यात काय काय बिघडलंय ते. आणि मध्येच एका पानावर प्रभाची नोंद. 'पिवळा रेनकोट काढायला तयार नाही. आत आल्यावरही घालून बसली. म्हणाली, बाहेर पाऊस नसला तरी मला आवडतो.' मला तो रेनकोट आठवतच नव्हता. त्या पानामुळे मला कळलं की मी लहानपणी कोणीतरी होते." मग ती वडी खाऊन म्हणाली, "हे काय आहे? छान आहे. तुटलंय, पण छान आहे."

नंतर कपबशा आवरताना शेरिल भेटली. तुमच्या शेजारच्या टेबलावरची, तुमचीच जुनी सहकारी. ती तुमच्या आठवणी काढून हसत होती. "त्या वर्षी तिला विद्यार्थी देणं थांबवलं ना, वर ते मार्गदर्शकांचं ट्रेनिंग करायला पाठवलं. जे ट्रेनिंग ती स्वतः शिकवायची! आणि वेडी बाई पहिल्या रांगेत बसून नोट्स काढत होती."

"कोणत्या वर्षी?" मी विचारलं.

शेरिलचं हसू थांबलं. "हनी, मला वाटलं तुला माहीत असेल."

मला गुडघे माहीत होते, ताई.

त्या आठवड्यात मी विद्यापीठाला पत्र लिहून माझी स्वतःची फाइल मागितली. अर्जाच्या कारणाच्या जागी काय लिहावं ते कळेना, म्हणून 'वाचायची आहे' असं लिहिलं. स्कॅन केलेली पानं आली. माझं वाक्य होतं तिथंच होतं. त्याखाली एक चौकट होती, जी मी कधी पाहिलीच नव्हती. मार्गदर्शकाचा प्रतिसाद. तुमचं ते उभट अक्षर. इंग्रजीतलं मराठीत लिहिते, कारण आपण गाडीत आहोत असं समजते आहे.

'विद्यार्थिनीने लिहिलेले खरे आहे. मी हा प्रश्न विचारला. प्रश्न कामाचा होता, पण मी तो चालत्या गाडीत विचारला, जिथून तिला उठून जाता येत नव्हते. कोणत्याही कुटुंबाशी असे वागलेले मी तिला चालू दिले नसते. याचा तिच्या गुणांवर परिणाम होऊ नये. तिला दुखले आणि तिने ते लिहून ठेवले, हे या कामासाठी चांगले लक्षण आहे.'

म्हणजे तुम्ही माझा मुद्दा केव्हाच मान्य केला होता, आणि तरी जेवताना माझ्याशी तावातावानं भांडत होतात. मला हसू आलं. मग ते पान मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

शनिवारी मी आईला फोन केला. तुम्ही गेल्याचं तिला आधी सांगितलं होतंच. पण या वेळी मी तिला तुमच्याबद्दल सगळं सांगितलं, फॉर्मसकट. गाडीतला प्रश्न मात्र सांगितला नाही. आई ऐकत होती. मागे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली,

"बाई मोठ्या मनाची होती. तुझ्या त्या पदवीच्या दिवशी मला म्हणाली, वहिनी, एक विचारते, राग मानू नका. पोरीला काय आवडतं सांगा, मी तिला कधीकधी जेवायला बोलवत जाईन. मी म्हटलं, आवडतं ते ती सांगेलच, पण आवडत नाही ते सांगणार नाही. तिला वरणात मोहरी चालत नाही. दाताखाली आली की ताट सरकवते आणि उपाशी उठते. मी म्हटलं, फोडणी घालायच्या आधी तिच्यापुरतं वाटीभर काढून ठेवा."

"आई, तू काढायचीस?"

"म्हणजे काय? रोज. पहिलीत होतीस तेव्हापासून. तुझा बाबा म्हणायचा, लाडावून ठेवलंस. तुला काय वाटलं, आपोआप यायचं साधं वरण?"

मला खरंच तसं वाटत होतं, ताई. आमच्या घरात चुलीच्या डाव्या बाजूला ताटलीनं झाकलेली एक वाटी असायची. ती कोणाची, तिथं कशी आली, हे मी कधी विचारलं नाही. सस्काटूनला तुमच्या ओट्यावरही ती दोन वर्षं होती. पाहणं हेच ज्यात शिकवतात अशी पदवी घेऊन मी तिच्यासमोर बसून जेवत होते.

विद्यापीठानं कळवलं आहे की जुन्या फॉर्ममध्ये बदल करता येत नाही, पण फाइलला पत्र जोडता येतं. ते पत्र मी इंग्रजीत पाठवलं आहे. त्यात गाडीतला प्रश्न अयोग्य होता, हे माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ते मराठीतच देता येईल असं वाटलं, म्हणून इथं देते.

पुरवणी नोंद. वरची नोंद खोडलेली नाही. आईने मला पोटाशी धरल्याचे आठवत नाही. पाहिले ते असे: अंगणवाडीतून दमून आल्यावर ती वरण शिजवत असे. फोडणीची पळी तापत असताना, मोहरी टाकण्याआधी, ती पातेल्यातले वाटीभर वरण काढून ताटलीने झाकून ठेवत असे. रोज. पुढे सस्काटून येथे, एक आड एक रविवारी, प्रभाताईंनीही तसेच केले. न विचारताच त्यांनी ॲसिडिटीचे कारण सांगितले. मुलीने दोन्ही ठिकाणी वाटी पूर्ण संपवली. ती कोणी काढून ठेवली, हे तिने विचारले नाही.